कुणाचं लेकरू?

बालाघाटच्या डोंगरात, बीड जिल्ह्याच्या अंगाला, एक गाव आहे असं धरून चालू. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथली पुष्कळ गावं अशीच आहेत. जमीन मुरमाड, विहिरी दिवाळीनंतर तळ दाखवणाऱ्या, आणि दसरा झाला की निम्मं गाव ऊसतोडीला निघणारं. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, असा तिथला हिशेब. मुकादमाकडून उचल घ्यायची, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, पिठाची पोती, एखादी शेळी आणि अंगावरची लेकरं चढवायची आणि सांगली-कोल्हापूरकडे नाहीतर थेट कर्नाटकात उसाच्या फडावर जाऊन उतरायचं. मागे राहतात म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं.

या गावात दरवर्षी दसऱ्याच्या तोंडावर एक घिसाडी कुटुंब यायचं. ओढ्याकाठच्या लिंबाखाली त्यांचं पाल पडायचं. म्हातारा, त्याची बायको, मुलगा, सून आणि दोन नातवंडं. गावातले कोयते त्यांच्याकडे यायचे. म्हातारा भात्याने कोळसा फुलवायचा, सांडशीत लालबुंद पातं धरून ऐरणीवर ठेवायचा आणि सून दोन्ही हातांनी घण उचलून त्यावर घालायची. घिसाड्यांत घण बायकाही चालवतात. म्हातारा हातातल्या लहान हातोडीने कुठे मारायचं ते नुसतं दाखवायचा आणि घण तिथेच पडायचा. मग पात्याला पाणी पाजायचं. ही खरी कसबाची जागा. पाणी कमी बसलं तर धार वळते, जास्त बसलं तर पातं तडकतं. म्हाताऱ्याने पाणी पाजलेला कोयता हंगामभर दगा देत नाही, असं गावातले जुने तोडकरी सांगायचे. पूर्वी मजुरी ज्वारीत मिळायची, आता पैशांत. तीही बरीचशी उधारीवर, मुकादमाची उचल हातात पडली की देऊ या बोलीवर. आणि म्हातारा थांबायचा.

इतकी वर्षं तो यायचा, पण त्याचं नाव गावात कुणाला ठाऊक नव्हतं. घिसाडी म्हटलं की झालं. तो मराठी मोडकं बोलायचा, आणि घरची माणसं आपसात बोलायची ती बोली गुजराती-राजस्थानी वळणाची. ती गावाला कळत नसे. कळून घ्यायची कधी गरजही पडली नव्हती.

एका वर्षी घिसाड्याच्या पाठोपाठ गावात आणखी काहीतरी आलं. ते मोबाईलमधून आलं. आपल्या जिल्ह्यात लेकरं पळवणारी टोळी उतरली आहे, त्यांचे लोक भिकाऱ्याच्या, साधूच्या, फेरीवाल्याच्या वेशात फिरतात, लेकरं उचलतात आणि किडन्या काढून विकतात, असा तो निरोप होता. सोबत एक चित्रफीत. मोटारसायकलवरचे दोघे गल्लीत खेळणाऱ्या पोराला उचलतात आणि पळतात. बघणाऱ्याच्या काळजाचं पाणी होतं, यात शंका नाही.

या चित्रफितीची खरी हकीकत इथेच सांगतो, कारण ती गोष्टीतली नाही, घडलेली आहे. ती पाकिस्तानातल्या कराची शहरात तयार झालेली, मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेली जाहिरात होती. मूळ जाहिरातीत ते दोघे थोड्या वेळाने मूल परत आणून सोडतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवतात. कुणीतरी तो शेवट कापून टाकला. मुलांना जपा असं सांगण्यासाठी केलेली फीत माणसं मारायला कारण झाली. ज्याने तो शेवट कापला, त्याने कुणाच्या अंगावर काठी उगारली नाही. पण त्याचं पाप काठी उगारणाऱ्यापेक्षा लहान नाही, असं मला वाटतं.

गावातल्या बायकांच्या ग्रुपवर हा निरोप दुपारी आला. त्या ग्रुपमध्ये अंगणवाडीच्या बाईही होत्या. त्यांना तो खरा वाटला नाही. निरोपात ना गावाचं नाव होतं, ना पोराचं, ना पोलीस ठाण्याचं. त्यांच्या मनात आलं, लिहावं की ही अफवा दिसते. मग वाटलं, आपण कशाला? उद्या खरंच काही झालं तर सगळ्या आपल्यालाच धरतील. त्यांनी मोबाईल उपडा ठेवला आणि कामाला लागल्या. गावातल्या आणखीही काही जणांना तो निरोप खरा वाटला नव्हता. तेही गप्प बसले. दुपारी जे बोलले ते फक्त घाबरलेले. शंका ज्यांच्या मनात होती ते कुणी बोललंच नाही, आणि संध्याकाळपर्यंत गावात एकच मत उरलं.

त्याच दुपारी चार वर्षांची एक मुलगी ओढ्याकाठी ठिणग्या बघत उभी होती. म्हाताऱ्याने बाजारातून आणलेला बिस्किटाचा पुडा फोडला, दोन नातवंडांना दिली आणि दोन त्या मुलीच्या हातावर ठेवली. डोक्यावरून हात फिरवला. ओढ्यापलीकडून एका पोराने त्याचा व्हिडिओ काढला. दिवेलागणीपर्यंत तो गावातल्या प्रत्येक मोबाईलवर होता. घिसाडी पोरीला काहीतरी खायला घालतोय, एवढंच त्याच्याखाली लिहिलेलं होतं. बाकीचं दुपारच्या निरोपाने लिहून ठेवलंच होतं.

अंधार पडताच पंचवीस-तीस जण ओढ्याकडे गेले. सुनेने आरडाओरडा ऐकला आणि दोन्ही लेकरांना घेऊन ती तुरीच्या शेतात शिरली. म्हातारी आणि मुलगा तालुक्याला लोखंड आणायला गेले होते. म्हातारा एकटा सापडला. त्याला फरफटत मारुतीच्या देवळासमोर आणला आणि विजेच्या खांबाला बांधला. तोवर गर्दी दोनशेच्या घरात गेली होती. कपाळ फुटलं होतं. लाथा बसत होत्या. टोळी कुठंय, किती लेकरं उचलली, बोल, असं चारी बाजूंनी चाललं होतं.

म्हातारा बोलत होता. सारखा बोलत होता. पण जिवावर बेतलं की माणूस आईच्या भाषेत बोलतो. त्याच्या तोंडून मराठी येईना. कुणीतरी ओरडलं, ‘ऐका, ही कुठली भाषा बोलतोय बघा! हा आपल्याकडचा न्हाईच!’ तो काय म्हणतो हे कळत नाही, हाच त्याच्याविरुद्धचा पुरावा ठरला.

त्या गर्दीला वाईट माणसांची गर्दी म्हणणं मला जमत नाही. त्यात बाप होते, चुलते होते, आजे होते. लेकराची काळजी खोटी नव्हती. पण संशय कुणावर घ्यायचा हे मात्र आधीच ठरलेलं होतं, आणि ते त्या दुपारी ठरलेलं नव्हतं. इंग्रजांनी 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्याने आणि त्याच्या पुढच्या सुधारणांनी कितीतरी जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. मूल जन्मलं की ते गुन्हेगार. हजेरी लावायची, परवानगीशिवाय हलायचं नाही. सोलापूरला त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणाची वसाहत होती. 31 ऑगस्ट 1952 रोजी हा कायदा गेला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. कायद्याच्या यादीत सगळेच भटके नव्हते. पण गावाच्या नजरेने तसा फरक कधी केला नाही. पाल टाकून राहणारा तो संशयित, ही सवय कायदा रद्द झाल्यावरही घराघरांत तशीच राहिली आणि आजीकडून नातवाकडे आली. ‘झोपतोस की देऊ जोगड्याला?’ हे वाक्य आपल्यापैकी किती जणांनी लहानपणी ऐकलं आहे!

आरडाओरडा ऐकला तेव्हा अंगणवाडीच्या बाई चुलीपुढे भाकरी थापत होत्या. त्या बाहेर आल्या, देवळाकडे बघितलं, आणि त्यांच्या पायातलं बळच गेलं. त्या काही धीट बाई नव्हत्या. ग्रामसभेतही त्या कधी बोलल्या नव्हत्या. घरात येऊन त्यांनी आधी पोलीस पाटलांना फोन लावला. पाटील म्हणाले, तालुक्याला कळवलंय, गाडी निघाली आहे, पण घाट चढून यायला पाऊण तास तरी लागेल. पाऊण तासात खांबाला बांधलेल्या म्हाताऱ्याचं काय होईल हे सांगायची गरज नव्हती.

मग त्यांनी पत्र्याची पेटी उघडली. अंगणवाडीचं छत गळत असल्यामुळे दप्तर त्या घरीच ठेवायच्या. पेटीतून त्यांनी गावातल्या सहा वर्षांखालच्या प्रत्येक लेकराची नोंदवही काढली. जन्मतारीख, आईचं नाव, वजन, दंडाचा घेर, लसी, सगळं त्यात होतं. ती छातीशी धरून त्या गर्दीत शिरल्या.

‘बाई, तुमी मधी पडू नका,’ एकाने अडवलं.

त्या थांबल्या नाहीत आणि कुणाला उत्तरही दिलं नाही. ओरडून उपयोग नव्हता, आवाज पोचलाच नसता. त्या सरळ देवळात गेल्या. रोज संध्याकाळच्या हरिपाठासाठी लावायचा माईक तिथे होता. बटण दाबलं, भोंगा खरखरला, आणि दोनशे माणसांनी वर बघितलं.

‘कुणाचं लेकरू हरवलंय?’ बाई म्हणाल्या. आवाज कापत होता. ‘ज्याचं हरवलंय त्याच्या आईनं पुढं यावं. आपण सगळे मिळून शोधू.’

कुणी पुढे आलं नाही.

‘अजून न्हाई गेलं, पण जाणार व्हतं!’ खांबाजवळून एक जण ओरडला.

‘मग आधी मोजून घेऊ,’ बाई म्हणाल्या. ‘मी नाव वाचते. आईबापानं हाय म्हणायचं. नुसतं म्हणायचं न्हाई, लेकरू आत्ता कुठंय ते सांगायचं.’

आणि त्यांनी पहिलं नाव वाचलं.

पहिल्या दोन-तीन नावांना कुणी उत्तर दिलं नाही. बाईंनी तीच नावं पुन्हा वाचली. मग अंधारातून, घरांच्या ओट्यांवरून, बायकांचे आवाज यायला लागले. ‘हाय. माझ्या कडेवर हाय.’ ‘हाय. आजीपाशी निजलंय.’ बाप मात्र उत्तर देताना अडखळत होते. ‘घरी असंल की.’ ‘असंल म्हणू नका, बघून या,’ बाई म्हणायच्या, आणि तो माणूस गर्दीतून निघून घराकडे जायचा. कित्येक जण लेकराच्या रक्षणासाठी धावत आले होते आणि घराचं दार उघडं टाकून, लेकरू अंधारात एकटं सोडून आले होते. एक एक नाव वाचलं जाई आणि गर्दीतला एक एक माणूस घराकडे जाई. गेलेले सगळेच परत आले नाहीत. लेकराला बघितल्यावर काही जण घरीच थांबले.

मग एक नाव आलं आणि उत्तर आलं नाही. बाईंनी पुन्हा वाचलं. पुन्हा शांतता. तीन वर्षांचं पोर. त्याची आई माहेरी गेली होती, आणि बाप खांबाच्या अगदी जवळ हातात कोयता घेऊन उभा होता.

गर्दी पुन्हा चवताळली. ‘बघा! गेलं का न्हाई!’ कुणीतरी म्हाताऱ्याच्या गळ्यातला गमछा आवळला. बाईंच्या हातातली वही थरथरायला लागली. आपण केलं ते चुकलं, आता याला आपणच मारला, असं त्या क्षणी त्यांना वाटलं. पण माईक त्यांनी सोडला नाही. त्या बापाचं नाव घेऊन म्हणाल्या, ‘तू बाप हाईस ना? मग इथं काय उभाय? घरी जाऊन बघ. तू येईस्तवर कुणी याला हात लावायचा न्हाई. आल्यावर काय ते ठरवू.’

तो गेला. सोबत चार-पाच जण गेले. तेवढा वेळ कुणी हललं नाही. सगळे त्या बोळाकडे बघत राहिले.

पोर घरात नव्हतं. अंगणात नव्हतं. गोठ्यात नव्हतं. मग कुणाच्या तरी विजेरीचा उजेड कणगीच्या मागे गेला. तिथे ते पोर भिंतीला चिकटून बसलं होतं. शेजारी त्याची पाच वर्षांची बहीण, आणि तिने भावाच्या तोंडावर हात दाबून धरला होता.

‘कशाला लपलात गं?’ बापाने विचारलं.

‘बाहीर माणसं वरडत व्हती,’ ती म्हणाली. ‘मारा मारा म्हणत व्हती. आम्हाला भ्याव वाटलं.’

बाप दोघांना दोन्ही कडेवर घेऊन देवळापाशी आला. कोयता घरीच राहिला होता. त्याने तोंडाने काही सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती, पोरं सगळ्यांना दिसत होती. बाईंनी वहीत त्या नावापुढे खूण केली आणि पुढचं नाव वाचलं.

वाचत वाचत त्या शेवटच्या पानावर आल्या. त्या पानावर त्या बाहेरून आलेल्या लेकरांची नोंद करायच्या. अंगणवाडीने भटक्या, स्थलांतरित कुटुंबातल्या मुलांनाही लस आणि आहार द्यायचा असतो. पुष्कळ ठिकाणी तो दिला जात नाही. या बाई द्यायच्या. ऊसतोडीला गेलेल्या आपल्या गावच्या लेकरांना तिकडच्या बाईने द्यावा असं त्यांना वाटायचं, म्हणून. चार दिवसांपूर्वीच ओढ्याकाठी जाऊन त्यांनी दोन लेकरांची वजनं घेतली होती. त्यांनी माईकवर ती दोन नावं वाचली. म्हाताऱ्याच्या नातवंडांची.

आधी कुणाला कळलं नाही ही कुणाची लेकरं. खांबाला बांधलेल्या म्हाताऱ्याने मात्र मान वर केली.

गावाबाहेरच्या अंधारातून, तुरीच्या अंगाने, एका बाईचा आवाज आला. ‘हाय.’

भोंगा बंद झाला तेव्हा कुणीतरी दोर सोडायला लागलं होतं. कोण ते कुणाला नीट आठवत नाही. गर्दीच्या कडेला एक म्हातारी बसली होती. तिला सगळे आक्का म्हणायचे. चाळीस हंगाम तिने फडावर काढले होते. ती उठली आणि कुणालाही उद्देशून नाही अशी बोलली. ‘एका साली तिकडं फडावर असताना कुणाची तरी पाण्याची मोटार चोरीला गेली. पहिलं आमच्या कोप्या उलट्यापालट्या केल्या. माझ्या मालकाला ट्रॉलीला बांधून हाणला. मोटार सापडली तिसऱ्या दिवशी, त्यांच्याच भावकीत. कुणी माफी मागाया आलं न्हाई. ऊसतोड्या म्हंजी चोर, एवढंच त्यास्नी ठावं.’ मग ती गर्दीकडे वळली. ‘अनोळखी माणूस म्हंजी चोर, असं धरलं तर वर्षातले सहा महिने आपुनबी चोरच की रं!’

या गोष्टीतलं शहाणपण तिथेच सांगून झालं. माझ्याजवळ त्याहून वेगळं काही नाही.

तरीही एक तरुण गप्प बसला नाही. ‘आज न्हाई उचललं. उद्या उचललं तर जबाबदारी बाई घेणार का?’ त्याचा प्रश्न झिडकारून टाकावा असा नाही. लेकरं खरंच हरवतात. पळवलीही जातात. पण त्यांना वाचवतं काय? लेकरू या घडीला कुठे आहे हे ठाऊक असणं. हरवल्याचं कळताच ठाण्यात जाणं. मूल हरवलं की पोलिसांनी गुन्हा नोंदवलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली सांगितलं आहे, आणि ते गावातल्या प्रत्येक आईबापाला माहीत असणं. खांबाला बांधलेल्या म्हाताऱ्याच्या फुटलेल्या कपाळाने एकही लेकरू सुरक्षित झालं नव्हतं. उलट दोन लेकरं कणगीमागे आणि दोन तुरीत लपली होती.

पोलिसांची गाडी आली. म्हाताऱ्याला ग्रामीण रुग्णालयात नेलं. दोन बरगड्या मोडल्या होत्या, एका कानाने ऐकू येईना झालं. तो वाचला.

दुसऱ्या दिवशी गावात बैठक बसली. झालं ते झालं, गावाची बदनामी नको, सगळ्यांनी एकच सांगायचं, असं ठरवायचा बेत होता. बाईंनी जे बघितलं ते पोलिसांना सांगितलं. कुणी कुणी मारलं तीही नावं सांगितली. त्यानंतर काही घरांनी कित्येक दिवस अंगणवाडीत लेकरं पाठवली नाहीत, दोघींनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. चांगलं वागलं की गाव डोक्यावर घेतं, असं या गोष्टीत झालं नाही आणि बहुतेक ठिकाणी होतही नाही.

सून तिसऱ्या दिवशी पाल उतरवायला आली. ऐरणीशेजारी गावकऱ्यांचे कोयते पडले होते. काही पाणी पाजून तयार, काही अर्धवट. ती घरोघरी गेली. कुठला कोयता कुणाचा हे तिला मुठीवरून ओळखू येत होतं. ज्याचा त्याला दिला आणि राहिलेली मजुरी मागितली. एकाही घराने घासाघीस केली नाही. ज्याने गमछा आवळला होता त्याचाही कोयता तिने दिला. धार लावून झाली होती. त्या हंगामात त्याने त्याच कोयत्याने ऊस तोडला.

पुढच्या दसऱ्याला घिसाडी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. गावाचे कोयते आता तालुक्याहून विकत येतात आणि हंगामात दोनदा धारेला न्यावे लागतात.

ही बोधकथा आहे, म्हणून तीत वेळेवर एक बाई आली आणि तिच्या हातात वही होती. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला तसं कुणी आलं नाही. 1 जुलै 2018, रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याच्या बाजूचे, भिक्षा मागून पोट भरणारे डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते. मुलं पळवणारे समजून जमावाने त्यांना धरलं, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडलं आणि तिथेच ठेचून मारलं. त्याच महिन्यात, 17 जुलैला, सर्वोच्च न्यायालयाने जमावाच्या हिंसेविरुद्ध सगळ्या राज्यांना आदेश दिले. व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडता येईल अशी मर्यादा आणली. तरीही चार वर्षांनी, सप्टेंबर 2022 मध्ये, सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यात लवंगा गावी उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना याच संशयावरून बेदम मारहाण झाली. निरोप तोच होता. माणसं बदलली होती.

राईनपाड्याच्याच सुमाराला मालेगावातही असाच जमाव जमला होता. तिथे दोन जोडपी आणि एक लहान मूल वाचलं, कारण एका रहिवाशाने त्यांना आपल्या घरात घेतलं आणि पोलीस येईपर्यंत दार लावून ठेवलं.

म्हणून तुम्हाला, ही गोष्ट वाचणाऱ्याला, सांगणं आहे. असा निरोप तुमच्या मोबाईलवर आला तर त्याच ग्रुपवर, त्याच मिनिटाला विचारा: कुठल्या गावचं मूल, नाव काय, कुठल्या ठाण्यात नोंद आहे? उत्तर नसेल तर तेही तिथेच लिहा, मनात ठेवू नका. खरंच मूल हरवलं असेल तर 1098 लावा. रस्त्यात कुणाला घेरलेलं दिसलं तर 112 लावा, आणि पोलीस येईपर्यंत त्या माणसाला चावडीवर किंवा कार्यालयात नेऊ देऊ नका. आपल्या घराचं दार उघडा आणि त्याला आत घ्या.